पेर्सोनबाईंच्या बेलवर

मैथिली नेहमी दाराकडे तोंड करून बसायची. कॅफे असो, ट्राम असो, कुणाकडचं हळदीकुंकू असो. उल्काला वाटायचं, असेल सवय. काही लोकांना पंख्याखालचीच जागा लागते, तसं.

दोघींची ओळख न्युरेम्बर्गच्या एका इंडियन शॉपमध्ये झाली. २०१६चा फेब्रुवारी होता. उल्का लग्न होऊन जेमतेम चार महिन्यांपूर्वी आलेली. नवरा प्रणव आयटीत. तिचं पुण्यात मराठी घेऊन एम. ए. झालेलं, आणि इथे त्या एम. ए.ला कुत्रं विचारत नव्हतं. ती फळीवर भाजणी शोधत होती. मागून आवाज आला, "भाजणी नसते इथे. ते थालीपीठ मिक्स घेऊ नकोस, नुसता भुसा आहे."

वळून पाहिलं तर एक बुटकी, चपळ बाई. चाळिशीच्या अलीकडची. करडं जाकीट, केस कानापर्यंत कापलेले, हातात एकच संत्रं.

"तुम्ही इथल्याच?" उल्काने विचारलं.

"सध्या," ती म्हणाली. "मैथिली."

"मैथिली काय?"

"मैथिलीताई म्हण. तेवढं पुरे."

मैथिलीताई एका वृद्धाश्रमात काम करायची. म्हाताऱ्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं. भारतात ती मायक्रोबायोलॉजी शिकली होती. "जंतूंपेक्षा आजोबा बरे," म्हणायची, "निदान थँक्यू म्हणतात." संत्र्याचं साल ती एका दमात सोलायची, कुठेही न तुटता, लांबच लांब. फोटो काढू द्यायची नाही. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला आली तर शेवटच्या रांगेत बसायची आणि आरतीआधी निघून जायची. घरी जाताना एक स्टॉप आधी उतरायची.

"चालणं चांगलं असतं," ती सांगायची. उल्काने तेही मान्य केलं होतं.

नवऱ्याबद्दल एकदाच बोलणं झालं. "तो दुसऱ्या गावात असतो. मी सोडलं त्याला." मग संत्र्याची फोड पुढे केली. "खा. आंबट आहे."

ती योहानिस भागात राहायची. जुन्या दफनभूमीच्या भिंतीला लागून चार मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावर ब्रिता पेर्सोन नावाच्या एक्याऐंशी वर्षांच्या बाई, आणि त्यांच्या घरातल्या मागच्या खोलीत मैथिलीताई. पेर्सोनबाई मूळच्या स्वीडनच्या. एका जर्मन माणसाशी लग्न करून इथे आल्या, पेन्सिलींच्या कारखान्यात तीस वर्षं नोकरी केली. नवरा वारल्यावर कचेरीत जाऊन आपलं माहेरचं नाव परत घेऊन आल्या. वृद्धाश्रमातल्या एका जुन्या मैत्रिणीला भेटायला यायच्या, तिथे मैथिलीताईशी गट्टी जमली.

जर्मनीत फ्लॅटला नंबर नसतो. खाली दारापाशी बेलची पाटी असते आणि प्रत्येक बटणापुढे आडनाव. नाव सापडलं की माणूस सापडला. नाव नसेल तर पोस्टमन पत्रसुद्धा परत नेतो. मैथिलीताईचं नाव त्या पाटीवर नव्हतं. तिची पत्रं 'पेर्सोन यांच्याकडे' अशी यायची. सरकारी पत्र आलं की ती पाकिटावरची पत्त्याची पट्टी फाडायची, उरलेल्या चहात बुडवायची आणि लगदा करून टाकून द्यायची. उल्काने हे दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा ती हसली होती.

"काय गं ताई, गुप्तहेर आहेस का?"

"हो. आजोबांच्या डायपरचं रहस्य जपते."

जूनमधल्या एका रविवारी पेर्सोनबाईंनी दोघींना कॉफीला बसवलं. दालचिनीचे गोड पाव केले होते. बोलणं नावांवर आलं. बाई सावकाश जर्मन बोलायच्या आणि उल्काचं अडलं की मैथिलीताई मराठीत सांगायची.

"मी पेर्सोन," बाई म्हणाल्या. "म्हणजे पेरचा मुलगा. आता मला सांगा, मी कुणाचा मुलगा दिसते?"

उल्का हसली.

"माझ्या बापाचं नावही पेर नव्हतं. निल्स होतं. आमच्याकडे खेड्यात पूर्वी आडनाव नसायचंच. बाप पेर, तर मुलगा पेर्सोन. त्या मुलाचं नाव योहान, तर त्याची मुलं योहान्सोन. दर पिढीला नाव नवं. आणि मुलगी असेल तर डोटर. मी खरी कोण? निल्सडोटर."

"मग पेर आला कुठून?"

"पेर माझा पणजोबा. एकोणीसशे एक साली सरकारने फर्मान काढलं की प्रत्येक कुटुंबाला एक कायमचं नाव हवं. आजोबा तेव्हा पेर्सोन होते. तेच गोठलं. पुढे त्यांच्या पोरांना, नातवंडांना, सगळ्यांना तेच." त्यांनी बोट खाली, रस्त्याच्या दिशेने दाखवलं. "शंभर वर्षांपूर्वी मेलेला माणूस माझ्या दारावर बसलाय. मी त्याला पाहिलेलंही नाही."

मैथिलीताई हे मराठीत सांगता सांगता मध्येच थांबली.

"सैनिकांचं सांगा," ती बाईंना म्हणाली. तिने ते आधी ऐकलं असावं.

"हां. पलटणीत दहा-दहा आंदेर्स आंदेर्सोन निघायचे. हाक कुणाला मारायची? म्हणून सैनिकाला नवं नाव द्यायचे. आखूड. शूर, चपळ, तलवार, असलं काहीतरी. त्याला राहायला झोपडी मिळायची. तो मेला की पुढचा सैनिक त्या झोपडीत यायचा आणि बऱ्याचदा त्याला तेच नाव मिळायचं. नाव माणसाचं नव्हतं. जागेचं होतं."

खिडकीतून दफनभूमी दिसत होती. आडव्या दगडांवर पितळी पाट्या.

"तुमच्याकडे कसं?" बाईंनी विचारलं.

उल्काने सांगितलं. आधी ती उल्का श्रीरंग फाटक होती. आता उल्का प्रणव बेहेरे. मधलं नाव आधी बापाचं, मग नवऱ्याचं.

"बाप वारले?"

"छे! बाबा पुण्यात आहेत. मजेत."

"मग नावातून कुठे गेले?" बाई खो खो हसल्या. "आमच्याकडे लग्न झालं तरी आन्ना पेर्सडोटर ही आन्ना पेर्सडोटरच राहायची. मरेपर्यंत. दगडावरसुद्धा. नवऱ्याचं आडनाव लावायची फॅशन नंतर आली, शहरातून."

मैथिलीताई पावाचे तुकडे करत होती. खात नव्हती.

"माझं तर पहिलं नावही गेलं," ती मराठीत म्हणाली, उल्काकडे न बघता. "लग्नात ताटात तांदूळ पसरतात ना, त्यात त्याने अंगठीने लिहिलं. जयश्री. त्याचं नाव जयंत, म्हणून जोडीला जयश्री. मला आधी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईने साखर वाटली." मग तेच तिने बाईंना जर्मनमध्ये सांगितलं. "पासपोर्टवर मी जयश्री जयंत कारखानीस. इथल्या ऑफिसात विचारतात, जयंत हे तुमचंच दुसरं नाव का? मी हो म्हणते."

"तू श्रीधर्सडोटर," पेर्सोनबाई ठामपणे म्हणाल्या. मैथिलीताईच्या वडिलांचं नाव त्यांना माहीत होतं.

"श्रीधरची नको." ती पटकन म्हणाली. "मी परत आले तेव्हा त्यांनी दार उघडलं नाही. आता तू त्या घरची, म्हणाले. आतून."

"मग आईची. आता तिकडे आईच्या नावालाही डोटर लावतात. आई कोण?"

"सुधा."

"सुधास्डोटर," बाई म्हणाल्या. कपबशी उचलून तिच्या कपाला लावली. मैथिलीताई हसली. उल्काने तिला इतकं मोकळं हसताना आधी पाहिलं नव्हतं.

याचा लेख व्हायलाच हवा, असं उल्काच्या मनाने त्याच क्षणी घेतलं. मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक तीच होती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हाती एक अंक आला होता.

"तू लिही," ती मागे लागली. "मी शब्दाला हात लावणार नाही."

मैथिलीताईने दोन महिने टाळलं. मग सप्टेंबरात वहीची चार पानं आणून दिली. छोटी वाक्यं. स्वीडनमधले मुलगे आणि डोटर, गोठलेला पेर, झोपडीतले सैनिक, तांदळातलं नाव. शेवटचं वाक्य होतं, 'मी सुधाची मुलगी.' खाली सही नव्हती.

"नाव नको घालूस," ती म्हणाली.

"इश्श, का? इतकं चांगलं लिहिलंयस."

"नको गं उल्के. एवढं ऐक."

उल्काला तो विनय वाटला. चांगले लेखक असेच असतात, असं तिला वाटलं.

शब्दाला हात न लावण्याचं वचन तिने जवळजवळ पाळलं. एकच जागा खटकली. मैथिलीताईने लिहिलं होतं, 'माझ्या ओळखीच्या एक वृद्ध स्वीडिश बाई.' हे फार पुसट होतं. एम. ए.ला तिने इतरांच्या कथांवर लाल पेनने कितीदा लिहिलं होतं, तपशील हवा. तिने वाक्य बदललं. 'योहानिसच्या दफनभूमीला लागून राहणाऱ्या माझ्या घरमालकीणबाई, ब्रिता पेर्सोन.' वाक्य उभं राहिलं. तिने ते दोनदा मोठ्याने वाचलं.

मग मंडळाच्या अध्यक्ष स्नेहलताकाकूंचा फोन आला. "अगं, ह्या लेखाला नावच नाही! लेख काय आभाळातून पडला? वाचक विचारतील कोण, कुठली."

"त्यांना नको आहे काकू."

"लाजत असेल. घाल तू. माहेरचं घाल हवं तर, छान दिसतं."

हा तोडगा उल्काला फारच आवडला. नवऱ्याचं नाव नको, हे तर लेखातच होतं. वडिलांचं पहिलं नाव तिला माहीत होतं. आडनाव? तेही तिने वाचलं होतं. मैथिलीताईच्या खोलीत लाडवांचा एक स्टीलचा डबा होता आणि झाकणावर टोचून कोरलेलं, 'सौ. सुधा श्रीधर टिपणीस.' आपल्याकडच्या भांड्यावर नाव असतंच.

अंकात छापलं गेलं, 'मैथिली श्रीधर टिपणीस.' तिला आश्चर्याचा धक्का देऊ, असं उल्काने ठरवलं. चाळीस प्रती छापल्या. पीडीएफ म्युनिकला गेली, स्टुटगार्टला गेली, जिथे जिथे मंडळ आहे तिथे व्हॉट्सॲपवर गेली. मैथिलीताई व्हॉट्सॲपवर नव्हती.

दिवाळीनंतरच्या बुधवारी दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर.

"नमस्कार. संपादक उल्का बेहेरे का? मी स्टुटगार्टहून बोलतोय. एक वाचक म्हणा."

आवाज मऊ होता. मराठी स्वच्छ. बोलता बोलता तो हलकेच घसा साफ करायचा.

"असा अंक आता पुण्यातही निघत नाही हो. शुद्धलेखनाची एक चूक नाही."

उल्का खुर्चीत नीट बसली.

"त्यातही तो नावांवरचा लेख. काय निरीक्षण आहे! त्या पेर्सोनबाई तर डोळ्यांसमोर उभ्या राहतात."

"हो ना? ते वाक्य जरा मी..." ती थांबली. "थँक्यू."

"एकच शंका. लेख जुना नाही ना? म्हणजे लेखिका अजून तिथेच राहतात?"

"नाही नाही, ताजाच आहे. परवाच गेले होते मी त्यांच्याकडे."

"योहानिस. म्हणजे सहा नंबरची ट्राम."

"गेनाऊ! अगदी बरोबर!"

"वा. अभिनंदन कळवा त्यांना. की नको, राहू दे. मीच कळवीन कधीतरी."

त्याने नाव सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. फोन ठेवल्यावर तिने स्वतःसाठी आल्याचा चहा केला आणि प्रणवला मेसेज टाकला, 'वाचकाचा पहिला फोन!!!'

गुरुवारी चार वाजता ती अंक घेऊन योहानिसला गेली. मैथिलीताईची सुट्टी होती. टेबलाशी बसून ती संत्रं सोलत होती, दाराकडे तोंड करून. पेर्सोनबाई कॉफी गाळत होत्या.

"आधी डोळे मीट," उल्का म्हणाली. "तुला फॅनचा फोन आलाय. थेट स्टुटगार्टहून."

सालीची लांब पट्टी तुटून टेबलावर पडली.

"नाव काय सांगितलं?"

"नाही सांगितलं. पण काय गोड बोलतात! मध्येच जरासा घसा साफ करतात, असं..." उल्काने नक्कल करून दाखवली.

मैथिलीताईने हात पुढे केला. अंक घेतला. उभ्याने वाचला. लेखाच्या पानावर एका ओळीखाली तिचं बोट थांबलं.

"हे माझं वाक्य नाही."

"तेवढंच एक. तपशील हवा म्हणून. नाहीतर पुसट..."

बोट खाली सरकलं. सहीवर आलं. ती बराच वेळ त्या तीन शब्दांकडे बघत राहिली.

"हे आडनाव तुला कुठे मिळालं?"

उल्काने टेबलावरच्या लाडवांच्या डब्याकडे पाहिलं.

"आणि त्याला काय सांगितलंस?"

उल्काने सांगितलं. ट्रामचंही सांगितलं. सांगता सांगता तिला स्वतःचा आवाज लांबून ऐकू यायला लागला.

मैथिलीताई चिडली नाही. तेच उल्काला पुढे कितीतरी दिवस छळत राहिलं. ती खुर्चीवर बसली आणि एखाद्याला रेल्वेचं वेळापत्रक सांगावं तसं सांगू लागली. आधी ती कार्ल्सरूहला होती. वडिलांनी नवऱ्याला नंबर दिला. तेव्हा दोन बरगड्या मोडल्या. मग एका मैत्रिणीकडे. ती मैत्रीण चांगली होती, तिला वाटलं नवराबायकोचं जुळवून द्यावं. तेव्हा डावं मनगट. म्हणून ती उजव्या हाताने सोलायची आणि डावा नुसता आधाराला असायचा. उल्काने नऊ महिने ते हात पाहिले होते.

"तो ओरडत नाही कधी," ती म्हणाली. "आधी फार छान बोलतो."

मग ती उठली. खोलीच्या दारामागे एक बॅग तयारच होती. उल्काला ती कायम तिथेच दिसायची. तिला वाटायचं, जागा नसेल. जाकीट, बूट, औषधाची पिशवी, वही. पेर्सोनबाईंनी तिला एक किल्ली दिली, तिने ती परत त्यांच्या तळहातावर ठेवली. दोघी जर्मनमध्ये काहीतरी हळू बोलल्या. उल्काला त्यातला एकच शब्द कळला. सुधास्डोटर.

सगळं मिळून अकरा मिनिटं लागली.

"ताई, कुठे जाणार आहेस? मी येते स्टेशनपर्यंत. प्रणवला गाडी घेऊन बोलावते."

"नको."

"निदान सांग तरी."

मैथिलीताईने तिच्या गालावर हात ठेवला. हाताला संत्र्याचा वास होता.

"तुला नाही सांगणार, उल्के."

डबा ती टेबलावरच ठेवून गेली. त्यावर नाव होतं.

तो शनिवारी आला. फुलं घेऊन. हे पेर्सोनबाईंनी फोनवर सांगितलं. त्यांनी इंटरकॉमवरच म्हटलं, इथे मी एकटी राहते. तो म्हणाला, हरकत नाही, मी थांबतो. समोरच्या ट्रामस्टॉपवर दोन तास बसला. सोमवारी पुन्हा. शुक्रवारी पुन्हा. बाईंनी पोलिसांना फोन केला. ते पोचेपर्यंत तो निघून गेलेला असायचा.

प्रणव म्हणाला, "तू जाऊ नकोस तिकडे. आपला काय संबंध?"

ती गेली. नोव्हेंबरचा तो रविवार होता ज्या दिवशी इथले लोक आपल्या मेलेल्यांना आठवतात. ट्रामभर म्हातारी माणसं, हातात देवदारच्या फांद्या, लाल काचेतल्या मेणबत्त्या. सगळी दफनभूमीशी उतरली. उल्काही उतरली.

पेर्सोनबाईंनी मागची खोली झाडून ठेवली होती. पलंगावर नवी चादर होती.

"दुसरी कुणी येईल," त्या म्हणाल्या. "अशा बायका असतातच. आश्रमातल्या ओळखीने कळतं. तीही पेर्सोन." त्यांनी डबा पुसून उल्कापुढे ठेवला. "हा तू ने. इथे नको."

"तिचा काही निरोप?"

बाईंनी मान हलवली. तो नकार होता, की नकार सांगायचं ठरलेलं होतं, ते उल्काला कळलं नाही. विचारायचा तिला हक्कही नव्हता.

तेवढ्यात बेल वाजली. एकदा. लांब नाही, आग्रही नाही. एखाद्या सभ्य पाहुण्याने वाजवावी तशी.

बाईंनी इंटरकॉमचं बटण दाबलं. "पेर्सोन," त्या म्हणाल्या आणि बटण सोडून दिलं. मग उल्काला म्हणाल्या, "अर्धा तास थांब. मग जा."

ती पाऊण तास थांबली. डबा कापडी पिशवीत घातला. जिने उतरून खालचं जड दार उघडलं. रस्ता रिकामा होता. भिंतीपलीकडे मेणबत्त्यांचे लाल ठिपके दिसत होते. ती बेलच्या पाटीकडे न बघता निघाली.

"उल्काताई ना?"

तो दाराच्या बाजूलाच, भिंतीला टेकून उभा होता. उंच, गोरा, चष्मा, चांगला लोकरी कोट. हातात अंक होता, पीडीएफवरून छापून घेतलेला, कोपऱ्यात नीट स्टेपल केलेला. एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ होती. कुठलं वाक्य, हे तिला वाचायची गरज नव्हती.

"मी फोन केला होता," तो म्हणाला. घसा साफ केला. "फार थंडी आहे नाही? जयश्री वर आहे का?"

"इथे कुणी जयश्री नाही."

"बरं, मैथिली. नावात काय ठेवलंय." तो हसला. "कुठे गेली?"

"मला माहीत नाही."

हे अगदी खरं होतं. त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं, बराच वेळ, आणि तेही त्याला कळलं असावं. आपल्यावर विश्वास ठेवला गेला नाही म्हणूनच आपण आत्ता खोटं न बोलता इथे उभ्या राहू शकतो, हे उल्काच्या लक्षात आलं. तिने पिशवी छातीशी धरली. आतल्या डब्याची कड बरगडीला लागली.

"हरकत नाही," तो म्हणाला. "मैत्रिणींना ती कधी ना कधी फोन करतेच. मी ओळखतो तिला." त्याने खिशातून छोटी पेन्सिल काढली. "तुमचं पूर्ण नाव काय?"

हा प्रश्न तिला जन्मभर विचारला गेला होता. शाळेत, बँकेत, लग्नाच्या कार्यालयात, मंडळाच्या वहीत. तिने दर वेळी एका श्वासात उत्तर दिलं होतं. आत्ताही तोंड आपोआप उघडलं.

"उल्का," ती म्हणाली, आणि तिथेच थांबली.

तो वाट बघत राहिला. मग त्याने अंक उलटला, पहिलं पान काढलं आणि तिच्यासमोर धरलं. संपादक, सौ. उल्का प्रणव बेहेरे. खाली पत्ता. खाली फोन नंबर. तिने स्वतःच ते ठळक अक्षरात लावलं होतं.

"इथे आहे की सगळं," तो मऊ आवाजात म्हणाला, आणि त्या ओळीखाली सावकाश रेघ ओढली.